खालूंची वही

हल्ली दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी कोणीतरी मला गाठतं. कधी शाळेच्या फाटकापाशी, कधी जुम्याच्या नमाजनंतर चपला शोधताना. प्रश्न एकच असतो. "सर, कामावर हार्ट अटॅक आला तर काही मिळतं का?" मी वकील नाही. उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. पण खालूंच्या केसनंतर गावात माझी अशी ख्याती झाली आहे. त्या केसमध्ये मी काय केलं होतं, ते विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

खालू म्हणजे माझ्या मावशीचे शौहर. मालेगावात लूमवर कारीगर होते, तीस वर्षं. मे २०१९, रमजानचा तिसरा आठवडा. शाळेला सुट्टी होती. मालेगावचा मे आणि त्यात पत्र्याखालचा कारखाना, म्हणजे काय ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रात्रीचा कारीगर गावी निघून गेला होता आणि ईदच्या आधी माल द्यायचा होता. खालूंनी दिवसाची पाळी केली, कारखान्यातच पाणी-खजुरावर रोजा सोडला आणि रात्रीही थांबले. पहाटे दोनच्या सुमारास तिघांनी मिळून बीम चढवला. बीम म्हणजे ताण्याचा धागा गुंडाळलेला लोखंडी रूळ. तो उचलून साच्यावर बसवणं ही कारीगरांच्या कामातली सगळ्यात जड गोष्ट. बीम बसला आणि खालू खाली बसले. घामानं थबथबलेले होते. छातीत दाबल्यासारखं होतंय म्हणाले.

कोणीतरी म्हणालं, गॅस असेल. सोडा पाजला. सेठच्या पुतण्यानं त्यांना कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवं व्हायला सांगितलं. पाऊण तासानं कोणीतरी हाक मारली तर उत्तर आलं नाही. रिक्षात घालून खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठीवर लिहिलं, मृतावस्थेत आणले.

शवविच्छेदनाचा विषय निघाला होता. डॉक्टरांनीच काढला. खाला नको म्हणाली, मीही नको म्हणालो. रमजानचा मुबारक महिना, मय्यतची चिरफाड कशाला, माणूस तर गेलाच. जोहरनंतर दफन झालं. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मृत्यूचं कारण आलं, हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे. तेव्हा ते मला पुरेसं वाटलं. आज वाटतं, याहून निरुपयोगी वाक्य शोधून सापडणार नाही. जगात आजवर जो कोणी मेला, त्याचं हृदय आणि श्वास बंदच पडले होते. ते का बंद पडले, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आम्ही काही तासांत मातीखाली ठेवून आलो.

ईद झाल्यावर सेठनं बोलावलं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. पहिल्या सफमध्ये नमाज पढणारा, जकात मोजून देणारा. त्यानं खालासाठी पन्नास हजार रुपये काढून ठेवले होते. फक्त एक कागद हवा होता. पुतण्या म्हणाला, कारखान्यात मृत्यू असं कुठं लिहिलं गेलं तर पोलीस येतील, कबर उकरतील. कबर उकरण्याचं नाव निघताच खालानं तोंडावर पदर घेतला. मग शंभराचा स्टॅम्प पेपर माझ्यासमोर आला. घरात मराठी नीट लिहिणारा मीच. बीएडला फलकलेखनात बक्षीस मिळवलेलं अक्षर. मी लिहिलं, की त्यांचा मृत्यू राहत्या घरी नैसर्गिक कारणाने झाला असून कारखानदाराने माणुसकीच्या नात्याने मदत दिली आहे, यापुढे वारसांची कोणतीही तक्रार अथवा मागणी राहणार नाही. खालानं अंगठा नाही, उर्दूत सही केली. साक्षीदार म्हणून मी.

राहत्या घरी. मला माहीत होतं ते कुठं गेले. तरी लिहिलं.

दोन वर्षं तो कागद खालाच्या पेटीत होता. २०२१मध्ये घर तिच्या नावावर करायचं म्हणून आम्ही एका वकील बाईंकडे गेलो. कागद चाळताना त्यांना तो स्टॅम्प पेपर दिसला. दोनदा वाचला. मग विचारलं, "हे कोणी लिहिलं? मराठी फार चांगलं आहे." मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "चांगल्या मराठीतला हा कागद कायद्यानं रद्दी आहे. पण तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून मात्र उभा राहील."

कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. आधी त्याचं नाव कामगार भरपाई होतं, २००९च्या दुरुस्तीनं बदललं. या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल असतो. आणि मृत्यू झाला असेल तर भरपाई मालकानं वारसांच्या हातात द्यायचीच नसते. ती आयुक्तांकडे जमा करायची, आयुक्त वारसांना वाटून देतात. आमच्याकडे या आयुक्ताचं काम न्यायाधीश करतात. मालकानं परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल तेवढी वळती होते. का, ते मला त्या टेबलापाशी बसून कळलं. कायदा करणाऱ्याला माहीत होतं की नवरा गेल्यावर चाळीस दिवसांच्या आत विधवेसमोर एक कागद येणार, आणि तो लिहून द्यायला घरातलाच कोणीतरी शिकलेला तयार असणार.

त्यातही एक गंमत आहे. २०१७पासून कामगाराला नोकरीवर घेतानाच या कायद्याखालचे त्याचे हक्क लेखी कळवणं मालकावर बंधनकारक झालं. इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथं मराठीत. लूमवरचा निम्मा माणूस उर्दूखेरीज काही वाचत नाही. अर्थात आमच्याकडे कोणत्याच भाषेत कोणी काही कळवलेलं नाही, त्यामुळे तक्रार भाषेची नाही.

दावा करायची मुदत तेव्हा मृत्यूपासून दोन वर्षं होती. ती मे २०२१मध्येच संपत होती आणि आम्ही पोहोचलो दिवाळीच्या सुमाराला. पण कोरोनामुळे सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२०पासूनचा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला होता, पुढे तो २८ फेब्रुवारी २०२२पर्यंत वाढला. त्या साथीनं आमच्या मोहल्ल्यातली किती माणसं नेली. आम्हाला तिनं मुदत दिली, हे बोलायलाही जीभ रेटत नाही.

खाला तयार नव्हती. "वक्त आ गया था उनका," हे तिचं पहिलं म्हणणं. दुसरं, "खून का पैसा नको." पहिल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझाही ईमान तोच आहे. दुसऱ्यावर मी तिला म्हणालो, की चुकून झालेल्या मृत्यूचीसुद्धा दियत आपल्या फिक्हमध्ये वारसांचा हक्क आहे. ती घेण्यात कमीपणा नाही, आणि माफ करायची असेल तर तीही वारसांनीच, आपल्याला काय मिळणार होतं ते ठाऊक असताना करायची. हार्ट अटॅक आणि दियत हे एक नव्हे, हे मला कळतं. पण तिला हे पटलं. आणि घामाची मजुरी घाम सुकण्याआधी द्या, ही ताकीद तर प्रत्येक खुतब्यात ऐकतो. घाम सुकायच्या आत माणूसच गेला तर काय करायचं, ते खतीबसाहेब सांगत नाहीत.

आता मूळ प्रश्न. कामावर असताना हार्ट अटॅक आला म्हणजे भरपाई मिळतेच का? नाही. कायद्यातलं वाक्य असं आहे, की इजा अपघातानं झालेली असावी, आणि तो अपघात कामाच्या ओघात घडलेला आणि कामातून उद्भवलेला असावा. दोन्ही अटी हव्यात. वकील बाई हे समजावत होत्या आणि माझ्या डोक्यात आठवीचा विभक्तीचा धडा चालू होता. 'कामात' ही सप्तमी, 'कामातून' म्हटलं की पंचमीचा अर्थ आला. खालू कामात मेले हे सिद्ध करणं सोपं होतं. कामातून मेले, ही पंचमी सिद्ध करायची होती.

'अपघात' या शब्दानंही मला अडवलं. अपघात म्हणजे गाडीनं उडवलं, पट्ट्यात हात सापडला. उर्दूत आपण हादसा म्हणतो, त्यातही काहीतरी बाहेरून येऊन आदळतं. छातीच्या आत रक्ताची गुठळी अडकली, त्यात अपघात कुठला? पण कोर्टांनी हा शब्द फार पूर्वीच मोकळा केलेला आहे. १९१०मध्ये इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका कामगाराचं प्रकरण आलं होतं. तो पान्यानं नट आवळत होता, नेहमीचंच काम, आणि त्याची महाधमनी फुटली. ती इतकी नाजूक झालेली होती की झोपेतही फुटली असती. तरी भरपाई दिली गेली, कारण ती झोपेत फुटली नाही, नट आवळताना फुटली.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयात पन्नासच्या दशकात तसंच प्रकरण आलं. मुंबई पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी, हृदयविकार आधीपासूनचा. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. लक्ष्मीबाई आत्माराम या नावानं तो निकाल ओळखला जातो. त्याचा गाभा असा, की आजार आधीचा असला तरी कामाच्या ताणानं त्यात भर पडली किंवा मृत्यू लवकर ओढवला, तर तो कामातून उद्भवलेला अपघात धरता येतो. छागलांबद्दल आपल्या समाजात वाद घालणारे पुष्कळ भेटतील, मीही घालीन. पण पहारेकऱ्याच्या विधवेसाठी लिहिलेल्या त्या निकालावर आजही कामगारांचे वकील उभे राहतात.

याच्या उलट निकालही आहेत आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे फसवणूक होईल. १९६९चा मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध इब्राहिम महंमद इसाक हा निकाल. 'द्वारका' नावाच्या बोटीवरचा एक तरुण खलाशी. डिसेंबर १९६१मध्ये त्यानं छातीत दुखतं म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. तीन दिवसांनी पहाटे तो बोटीवर नव्हता. समुद्रात गेला असणार, कसा ते कोणी पाहिलं नाही. बापानं दावा केला. मुंबई उच्च न्यायालयानं तो मान्य केला, सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. कामाशी संबंध दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे, असं म्हटलं. मी तो निकाल रात्री वाचला. बाप जिवंत राहून मुलाच्या मृत्यूचं कारण शोधत कोर्टाच्या तीन पायऱ्या चढला, आणि कारण समुद्रात.

२००६चे दोन निकाल तर थेट हृदयाचेच. एकात स्विच चालू-बंद करण्याचं काम करणारा कामगार, छातीच्या आजारावर आधीच उपचार चालू. दुसऱ्यात गाडीवरचा तरुण क्लीनर, प्रवासातच गेला. दोन्ही दावे फेटाळले गेले. नुसता कामावर असताना हार्ट अटॅक आला एवढ्यावरून काही गृहीत धरता येणार नाही, कामाचा ताण आणि श्रम दाखवा, असं न्यायालयानं सांगितलं. मग २०१२मध्ये एक ट्रक ड्रायव्हर. वय ४५, दिल्लीहून झारखंडमधल्या निमियाघाटपर्यंत ११५२ किलोमीटर गाडी चालवत आलेला. अस्वस्थ वाटलं म्हणून ढाब्यापाशी गाडी बाजूला लावली आणि कोसळला. तिथं न्यायमूर्ती इब्राहिम कलीफुल्ला यांच्या निकालानं भरपाई मिळाली. इतक्या लांबच्या सलग ड्रायव्हिंगचा ताण हाच दुवा मानला गेला.

राज्य विम्याचं, म्हणजे ईएसआयचं कार्ड असतं तर वाट थोडी सोपी होती. त्या कायद्यात कामाच्या ओघात घडलेला अपघात हा कामातूनच उद्भवला, असं उलट पुरावा नसेल तर गृहीत धरतात. पण त्यासाठी कारखान्यात दहा माणसं लागतात. आमच्याकडे एकाच पत्र्याखाली चार भावांच्या नावाचे चार कारखाने असतात, मध्ये भिंतसुद्धा नसते. आणि व्यवसायजन्य आजारांच्या यादीत कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार आहे, हृदयाचा नाही. खालूंनी तीस वर्षं ती धूळ ओढली. पण फुफ्फुसांनी साथ सोडली नाही, हृदयानं सोडली.

म्हणजे आम्हाला ताण दाखवायचा होता. हजेरीपुस्तक नव्हतं. दोघा साथीदारांपैकी एक त्याच सेठकडे कामाला, तो कसा बोलणार? तेव्हा खालानं पेटीतून एक लांबट वही काढली.

खालू उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. रोज किती तागे निघाले ते त्या वहीत लिहायचे, शनिवारी हिशेब चुकू नये म्हणून. दोन रकाने, दिन आणि रात. वर्षभर फक्त 'दिन'खाली आकडे. शेवटच्या नऊ दिवसांत सहा वेळा दोन्ही रकाने भरलेले. शेवटच्या तारखेला 'दिन'पुढे आकडा आहे, 'रात'पुढे नुसती रेघ मारून जागा ठेवली आहे.

कोर्टाला मराठी भाषांतर हवं होतं. ते मी केलं. उर्दू आकडे मराठीत उतरवणं हे पोराच्या हातचं काम, मला त्याला चार रात्री लागल्या.

साक्ष माझीही झाली. सेठच्या वकिलांनी स्टॅम्प पेपर पुढे केला. अक्षर तुमचं? हो. सही तुमची? हो. "मग मृत्यू घरी झाला की कारखान्यात?" कारखान्यात. "म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?" हो. "तुम्ही शिक्षक आहात ना?" वकील बाईंनी हरकत घेतली, पण मी तोवर हो म्हणून मोकळा झालो होतो. ते वाक्य नोंदीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत कारखान्यातून आणल्याचं लिहिलेलं होतं, म्हणून माझ्या कागदापेक्षा ती चिठ्ठी वजनदार ठरली.

खालाला त्यांनी रोज्याबद्दल विचारलं. तंबाखू खायचे का, आणि दिवसभर उपाशी होते का. म्हणजे रोज्यानं मेले, कामानं नाही, असं सुचवायचं होतं. सेठ मागच्या बाकावर बसला होता, त्यानं मान खाली घातली. खाला म्हणाली, "बारा वर्षांचे असल्यापासून रोजे ठेवत होते. चौतीस रमजान गेले, काही झालं नाही. दोन पाळ्या त्याच रमजानला केल्या."

निकाल २०२४च्या फेब्रुवारीत लागला. लागोपाठच्या पाळ्या, उन्हाळा, बीम उचलताच सुरू झालेला त्रास आणि आधीच्या हृदयविकाराचा पुरावा नसणं, हे सगळं एकत्र धरून आयुक्तांनी मृत्यू कामातून उद्भवल्याचं मानलं. दुसरा साथीदार, जो नंतर भिवंडीला गेला होता, तो स्वखर्चानं येऊन साक्ष देऊन गेला. त्याचं ऋण वेगळंच आहे.

आकड्यांचं सांगतो, कारण विचारणारे तेच विचारतात. मृत्यू असेल तर महिन्याच्या पगाराचे निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. खालूंची सरासरी मजुरी १२,८०० रुपये होती. पण २०१९मध्ये कायदा जास्तीत जास्त ८,००० धरत होता. निम्मे ४,०००. वय ४६, गुणक १६६.२९. झाले ६,६५,१६०. वर अंत्यविधीचे ५,००० आणि बारा टक्क्यांनी व्याज. ती मर्यादा जानेवारी २०२०मध्ये १५,००० झाली. खालू सात-आठ महिने उशिरा गेले असते तर त्यांची पूर्ण मजुरी धरून १०,४३,६४८ झाले असते. वयाचा पुरावा म्हणजे शाळेचा दाखला, जन्मतारीख १ जून १९७२. महाराष्ट्रातला कोणताही शिक्षक ही तारीख पाहून हसेल. ज्याची तारीख आईबापांना ठाऊक नाही, त्याला गुरुजी १ जूनच देतात. त्या अंदाजी तारखेनुसार खालू काही दिवसांनी ४७ वर्षांचे होणार होते. तेव्हा गुणक १६३.०७ झाला असता आणि खालाचे १२,८८० रुपये कमी झाले असते.

नोव्हेंबर २०२५पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. 'ओघात' आणि 'कामातून' हे दोन्ही शब्द तिथंही तसेच आहेत. म्हणून मला विचारणाऱ्याला मी आता एवढंच सांगतो, की छातीत दुखतंय म्हटल्यावर सोडा पाजत बसू नका, आधी ईसीजी काढा. तो जीवही वाचवतो आणि पुरावाही असतो. माणूस गेलाच तर शवविच्छेदनाला माझ्यासारखं घाईनं नाही म्हणू नका. आणि कोणत्याही कागदावर सही करण्याआधी कुणा वकिलाला दाखवा, मास्तरला नको.

सेठनं अपील केलं नाही. हप्त्यांनी रक्कम जमा केली. अशा जोखमीचा विमा घेतला असता तर मूळ रक्कम त्याच्या खिशातून गेलीच नसती. आता घेतला आहे म्हणे. एका जुम्याला मशिदीबाहेर त्यानं मला सलाम केला आणि म्हणाला, "उस्ताद, तुम्ही तर आपले माणूस होता." मी सलामचं उत्तर दिलं. त्यापुढे काय बोलायचं ते सुचलं नाही.

पैशांतला मोठा भाग आयुक्तांनी खाला आणि धाकट्याच्या नावे ठेवीत ठेवायला लावला. खालाला व्याजाचा हिशेब फारसा कळत नाही, आणि व्याज म्हटलं की तिचा वेगळाच पेच आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. ती मला भेटली की वहीबद्दल विचारते. मूळ वही कोर्टाच्या दप्तरात आहे. परत मिळावी म्हणून अर्ज दिलेला आहे, दोनदा जाऊन आलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर या, म्हणाले.